डावा कान

शारजा, इंडस्ट्रियल एरिया तेरा.
पत्र्यावर दुपार रटरटतेय,
आत मशीन तिसरी रात्र संपवून अजून फोम कोरतंय:
एका म्हाताऱ्याचं डोकं, माझ्या उंचीचं.

मौजा मॅडमचे आजोबा. नाखवा होते.
आमच्या सातबाऱ्यावर गावाच्या आधी 'मौजे' लागतं,
म्हणून पहिल्या दिवशी पगाराच्या कागदावर त्यांचं नाव वाचून
मला वाटलं, पुढं गाव लिहायचं राहिलंय.

जाण्याच्या आदल्या वर्षी त्यांना तिनं फोनमध्ये टिपलं होतं,
बाजेवर बसवून, भोवती फिरून फिरून,
दृष्ट काढावी तसं.
उजवीकडून सुरुवात. हनुवटी, नाक, कपाळावरची घडी,
सगळं दाण्यादाण्यानं आलं.
डाव्या कानाशी पोचली आणि आजोबा हलले.
कुणी हाक मारली असेल.
किंवा माशी.

पडद्यावर तिथं कान नाही.
मेणाचा एक ओघळ आहे,
आणि त्यात सांडलेला खिडकीचा थोडा निळा.

सजीश म्हणाला, उजवाच उलटा करून लावू, दोन मिनिटं.
ती नको म्हणाली. बरोबरच होतं.
पेणच्या कारखान्यात एका साच्यातून काढलेले कानसुद्धा
जोडता जोडता वेगळे होतात, मी बघितलंय.
तू भर, म्हणाली.
कसा होता?
तिनं डोळे मिटले. कॉम्प्रेसर दोनदा सुरू होऊन बंद झाला.
मग म्हणाली, त्या कानानं कमी ऐकायचे.
पोरवयात मोत्यांसाठी बुड्या मारलेल्या, पडदा फाटलेला.
एवढ्यावर मला कान करायचा होता.

पुट्टी कालवली. उन्हाळ्यात हार्डनर निम्माच घालायचा,
नाहीतर हातातच दगड होतो.
मग अंगठा आपला आपण चालला.
वरची कड दुमडली, पाळी लांबली,
आणि पाळीच्या मध्यावर एक भोक
मी पाडलं नाही, पडलं.

ऐंशीचा कागद, एकशेवीसचा, चारशेचा.
नाकातोंडात पांढरी धूळ. रात्री खोलीवर मोतालेब म्हणाला,
तुम्हीच पुतळा झालात.

मग तिनं समुद्र आणला.
उपग्रहानं वरून काढलेला, पातळ फिल्मवर छापलेला,
गालाकपाळावर ओल्या कातड्यासारखा ताणून बसवला.
छापलेल्या निळ्यावर ब्रशनं निळा, खाडीच्या जागी गेरू.
शिडीवर आठ दिवस.
मशीनचं कुठं संपतं आणि तिचं कुठं सुरू होतं
ते हात लावल्याशिवाय कळेना,
आणि हात लावायची मनाई.

कानाशी आली, थांबली.
भोकात करंगळी घातली.
हे काय?

मी खरं ते सांगितलं. तोडकं हिंदी, बाकी हातांनी:
माझ्या बापाचा कान आहे, मॅडम.
बाळी होती सोन्याची. माझ्या पहिल्या व्हिसाला मोडली.
भोक राहिलं.

वाटलं, आता पुट्टी मागणार.
मी डबा उघडलासुद्धा.
ती शिडीवरून उतरली, हात पुसले, खिशातून फोन काढला
आणि शिडी सरकवत सरकवत त्या कानाभोवती फिरली,
खालून, मागून, पार पाळीच्या आतून.
कुणी हाक मारू नये म्हणून
सजीशनं कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं.
कान हलला नाही.

आता फाइलमधलं डोकं पुरं आहे.
नाव अरबीत आहे, मला वाचता येत नाही.
पुढच्या महिन्यात क्रेट कुठं जाणार तेही ठाऊक नाही.
बाबा एकदा पनवेलला गेले होते, मोतीबिंदू दाखवायला,
तेवढंच.

शुक्रवारी फोन लावला, सगळं सांगितलं.
ऐकून घेतलं. मग विचारलं,
"बाळी घातलीस का त्यात?"
नाही, बाबा.
"मग भोक कशाला ठेवलंस उघडं?
कोळी घर करतो."