पुढच्या फेरीला

रायबंदरच्या धक्क्यावर माझं काम एवढंच:
साखळी ओढायची आणि हात वर करायचा.
आधी गाड्या, मग दुचाक्या, मग माणसं,
मग हात वर.
मागचा कितीही हॉर्न वाजवो,
लग्नाचा असो, ऑफिसचा असो
(दवाखान्याचा असेल तर एक स्कूटर उतरवतो,
हे कुठे बोलू नका).
मांडवीला वजन कळतं.
नाती कळत नाहीत.

घरी मात्र
दोन फुटांची काचेची टाकी,
आणि तिच्यापुढे माझा हात
कधी वर झालाच नाही.

पहिले दोन गोल्डफिश शर्वाणीच्या वाढदिवसाचे.
म्हापशाच्या इनासने पिशवी ट्यूबलाइटसमोर धरली,
रबर दोनदा गुंडाळत म्हणाला,
हे कितीसे वाढणार, बोटाएवढेच राहतात.
मग चार गप्पी, सोबत म्हणून.
त्यांनी सोबत चांगलीच केली एकमेकांना,
दोन महिन्यांत एकवीस.
मग शेवाळ खायला तळाचा काळा मासा,
त्याने शेवाळ कमी खाल्लं, जागा जास्त.
मग चवथीला, माटोळीच्या नारळांसोबत,
भावोजींनी एंजल आणले तीन,
कात्रीने चांदणं कापल्यासारखे.
दारात आलेल्याला परत कसं पाठवायचं?
पाण्यात एक चिनीमातीचा किल्ला होता,
तो काढून ठेवला.

एक दिवस पावणेसहाला,
पहिल्या फेरीआधी, चहाचा कप हातात:
सगळे वर.
सगळ्यांची तोंडं पाण्याच्या कडेला लागलेली,
उघड, मीट,
उघड, मीट,
शेवटच्या बोटीत माणसं कठड्याशी उभी असतात
आणि कुणी कुणाशी बोलत नाही, तशी.
मला वाटलं, भूक.
मी चिमूटभर खाणं जास्त टाकलं.

ते आठवलं की अजून बोटं धुतो.

दुपारी एक एंजल आडवा.
संध्याकाळपर्यंत गप्पी किती, ते मोजलं नाही.
कुंदा म्हणाली, बाजारात बांगड्याचे कल्ले उघडून बघतोस,
आणि या एकासाठी पान वाढलेलं तसंच?
खरं होतं. जेवलो.
हुमण होतं. चव लागली,
हेही खरं.

शर्वाणीने वहीच्या मागच्या पानावर मांडलं:
लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची,
वाळू वजा, दगड वजा,
वर चार बोटं रिकामं सुटतं ते वजा.
एकेचाळीस लिटर.
बाबा, यात एक गोल्डफिशसुद्धा बसत नाही.
दोन तर बसले होते, मी म्हटलं.
'बसले होते' आणि 'वाढले' यांच्या मध्ये
तिने पट्टीने रेघ मारली.

शेजारचा रोक म्हणाला, नदीत सोड,
नदी काय भरते?
मी रोज नदीवर असतो.
खारं पाणी, ओहोटीचा चिखल,
खारफुटीच्या मुळांत खेकड्यांची बिळं,
तिथेही जागा कधीच्या धरलेल्या.
रिकामी दिसते ती धक्क्यावरून.

गोल्डफिश गेले पर्वरीच्या शाळेत, मोठ्या टाकीत.
एंजल एका दंतवैद्याकडे,
तिथे तोंडं उघडी असणाऱ्यांची सवय आहे.
काळा मासा इनासने परत घेतला,
पैसे न देता, वर न बघता.
आमच्याकडे सात गप्पी, सगळे नर,
शर्वाणीने शेपट्या बघून निवडलेले.
किल्ला पुन्हा आत.

आता पहाटे त्यातला एखादा
या काचेपासून त्या काचेपर्यंत जातो,
कुणाला न घासता.
मध्येच थांबतो.
का, ते माहीत नाही.
थांबायला जागा आहे.

काल भावोजी आले.
हातात पिशवी, पिशवीला गाठ,
आत काहीतरी निळं, फार देखणं.
शर्वाणी माझ्याकडे बघते आहे.
कुंदा आतून विचारते, साखर किती?
अकरा वर्षं सहज वर जाणारा हात
खांद्यापासून जड.

पुढच्या फेरीला, भावोजी.

ते हसले नाहीत.
पिशवी टेबलावर राहिली, आणि ते निळं
चहा होईपर्यंत
आपल्याच भोवती फिरत होतं.