पाच-दहाचं पाणी

भायखळ्यात आमच्या मजल्यावर
नळाला पाणी पाच-दहाला येतं,
पावणेसहाला जातं.
काल झोपून राहिले.
मग दिवसभर शेजारच्या सुलभाबाईंच्या दारात
कळशी घेऊन.

उपवासकाळाचा आज अकरावा दिवस.
ठरलं होतं : आधी प्रार्थना, मग मोबाईल.
नऊदा मोडलं.
एकदा तर 'आमेन'च्या आधीच
अंगठा सरकला.

आज उठले.
चष्मा सापडेना,
स्तोत्र पाठ होतं तेवढंच म्हटलं.
अंधारात नळ खोकला,
मग धार.

माझ्या उठण्यानं पाणी येत नाही, प्रभू.
ते येतंच,
मी घोरत असले तरी.
माझ्याकडे काम एवढंच,
बादली सुलटी ठेवायची.

उद्याचं सांगवत नाही.
गजर लावलाय.