नाव काढणं

जूनमध्ये शेवटची बस दरीत उतरली
की मी खिडकीशी बसायची, नावं काढायला.
कॉलरवरची, मोज्यांवरची, ब्लँकेटच्या कोपऱ्यातली,
पांढऱ्या फितीवर लाल धाग्यात विणलेली.
सप्टेंबरात आया शिवून पाठवत.
मॅकआस्किलच्या धाकट्याची तेवढी बापाच्या हातची,
टाके असे, जणू फाटलं जाळं सांधलंय.
फीत उसवली की खाली गडद चौकोन उरे,
कधीच न विटलेला.
पुढच्या वर्षी त्यावर दुसऱ्याचं नाव.

एकतीस वर्षं धुलाईघर माझ्याकडे होतं.
फुटबॉलचा चिखल मला वासानं कळायचा,
नदीकाठच्या मैदानाचा कुठला, वरच्या माळाचा कुठला.
कोण सिगारेट ओढतं, कोण घरचं पत्र खिशात ठेवून झोपतं,
कोणाच्या उशीचा अभ्रा रविवारी जास्त खारट,
हे हेडमास्तरांना ठाऊक नव्हतं.
मीही कधी ब्र काढला नाही.

आता मासिक येतं, नाताळाच्या सुमारास,
जाड, गुळगुळीत, इस्त्री केल्यासारखं.
चौदाव्या पानावर दरवर्षी तेच:
ज्यांनी शाळेचं नाव काढलं.
मी चष्मा पुसून वाचते.

फिनोला केर, अंटार्क्टिका, बर्फात खोल भोकं पाडते.
हिचा डावा हातमोजा सहा हिवाळे सापडला नाही.
ओलुमिदे अडेयेमी, लेगॉस, पुलांचा इंजिनिअर.
पहिला बर्फ पडला त्या रात्री हा
सुकवणीच्या खोलीत गरम पाइपाला पाठ लावून झोपला होता.
मी दार लोटून घेतलं,
घंटेच्या दहा मिनिटं आधी उठवलं.
एका मुलीला कसलंसं पदक. चेहरा आठवत नाही,
पण शर्टाची तिसरी गुंडी ती चावायची.

मॅकआस्किलचा धाकटा कुठल्याच पानावर नाही.
तो उल्लापूलच्या फेरीबोटीवर दोर टाकतो,
दर जानेवारीत हेरिंगची एक बरणी माझ्या दाराशी ठेवतो
आणि बेल न वाजवता जातो.

गेल्या उन्हाळ्यात शाळेला दीडशे वर्षं झाली.
मैदानात तंबू, बॅगपाइप, स्ट्रॉबेऱ्या.
टॉर्क्विल डनबार बोलायला उभा राहिला, आता न्यायमूर्ती.
म्हणाला, या शाळेनं आम्हाला कणखर केलं,
थंड पाणी, पहाटेची धाव, वगैरे.
टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या.
मीही वाजवल्या, माझे हात त्याला सरावलेले नाहीत.

मग तो धुलाईघरात आला. एकटाच.
नवी मुलगी जेवायला गेली होती,
मी सवयीनं तिचा ढीग उपसत होते.
तो दारातच थांबला, नाकानं श्वास घेत,
साबण, वाफ, ओली लोकर.
म्हणाला, "मिसेस गन, पहिल्या वर्षी...
मी रोज पहाटे उठायचो तर चादर कोरडी असायची.
आधी वाटायचं, मला स्वप्न पडलं असेल."

चादरींना नावं नसतात.
त्या शाळेच्या, सगळ्या एकसारख्या,
फिती शिवायची पद्धतच नाही.
मी पहाटे चारला जिना चढायची, पायात नुसते मोजे,
त्या मुलाला कूस बदलवून खालचं ओढून घ्यायची.
तो झोपेत कोणा कुत्र्याला हाका मारायचा.
ख्रिसमसपासून ईस्टरपर्यंत.

मी म्हटलं, "असेल बाबा. इतकी मुलं होती,
कोण लक्षात ठेवतंय."
तो माझ्याकडे बघत राहिला.
खोटं ओळखणं हे त्याचं रोजचंच काम.

बाहेर कोणीतरी त्याला फोटोसाठी हाक मारत होतं.
त्यानं कोट काढून मशीनवर टाकला
आणि ढिगातल्या वरच्या चादरीची दोन टोकं उचलली.
दोन मी धरली.
मागे सरकलो, ताणली, झटकली, पुन्हा जवळ आलो.
त्याचे कोपरे काही जुळेनात.
"उलटं धरलंयस," मी म्हटलं,
"सोड. परत घे."