ओठ मोजणारी

मिलानमध्ये, लांब्राते स्टेशनच्या मागे,
बटणांच्या कारखान्याखाली तळघर होतं आमचं.
वर यंत्रं थडथडायची, म्हणून रेकॉर्डिंग
जेवणाच्या सुट्टीत, नाहीतर रात्री.
जपानी मला यायचं नाही. कुणालाच यायचं नाही.
टोकियोहून फिल्मचे डबे यायचे,
सोबत मोडक्या इंग्रजीतले कागद, मधली पानं गहाळ.

माझं काम ओठ मोजायचं.
तोंड किती वेळा उघडलं, किती वेळा मिटलं,
शेवटी उघडं राहिलं की बंद,
त्या मापाचं वाक्य बेतायचं.
शिंपीणच म्हणा ना.

हारुकीचा आम्ही आर्रीगो केला.
भाताच्या मुटक्याला पाव म्हटलं, दारूला लिंबाचं सरबत,
आणि अठ्ठाविसाव्या भागात मेलेल्या आजोबांना
स्वित्झर्लंडला धाडलं, हवापालटासाठी.
(पडद्यावर उदबत्ती जळत होती. तिचं काय करणार?)

फिओरेन्झा व्हायची आर्रीगो.
वय त्रेचाळीस, दिवसाला तीस सिगारेटी,
आणि घशात दहा वर्षांचा मुलगा, गुडघे फुटलेला.
आईसुद्धा तीच. दुसऱ्या बाईला द्यायला पैसे नव्हते.
स्वतःच स्वतःला निरोप द्यायची,
मधे घोटभर पाणी.

तर तो दारातला प्रसंग.
मुलगा लोखंडी बगळ्यात बसून निघालाय आभाळाशी लढायला,
आई उंबऱ्यात, तिचं तोंड हलतंय.
पान गहाळ.
मी पुन्हा पुन्हा रीळ मागे घेतलं. सहा वेळा हलतं.
रात्रीचे अकरा वाजलेले,
ओतेल्लो वायरी गुंडाळायला लागलेला.
मी लिहिलं:
कडी नाही लावत.

त्या हिवाळ्यात साडेचार वाजता गल्ल्या ओस पडायच्या.
शाळेच्या फाटकात पोरं एकमेकांना म्हणायची, कडी नाही लावत.
पेनल्टी मारायला निघालेल्याला म्हणायची.
दातांच्या डॉक्टरकडे आत जाणाऱ्याला म्हणायची.

मग पालकांनी सह्या गोळा केल्या.
एका प्राध्यापकाने पेपरात डोळ्यांबद्दल लिहिलं,
दुसऱ्याने संस्कारांबद्दल.
पण पडलं ते त्याने नाही, आणि धाडकन तर नाहीच.
साडेचारचे चार झाले, चारचे सकाळचे सहा पन्नास,
मग फक्त ऑगस्टमध्ये, जेव्हा शहरात चिटपाखरू नसतं,
मग त्या जागी गाद्यांची जाहिरात, अर्धा अर्धा तास.
चॅनेल मोठ्या चॅनेलच्या पोटात गेलं.
तळघरात आता व्यायामशाळा आहे. वजनं आपटतात.

मिझुहो माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची,
क्रेमोनाला व्हायोलिन घडवायला शिकत होती.
एका रविवारी कपाटातली टेप लावली मी तिच्यासाठी,
जरा मिरवायलाच, खोटं कशाला बोलू.
ती पुढे वाकली. म्हणाली,
इथे आई काहीच बोलत नाहीये हो.
चावतेय. सुकी मासळी असावी.

मी हसले. खूप हसले. मग उठून भांडी घासली,
घासलेलीसुद्धा.
फिओरेन्झाला कधी सांगितलं नाही.

नात आता फोनवर मूळ आवाजात बघते,
खाली अक्षरं पळतात, तिला पुरतात.
तिला माझी गरज नाही. बरंच आहे.
मासळी तरी मासळी राहते.

फेब्रुवारीत फिओरेन्झा गेली.
चर्चमध्ये दहा-अकरा जण येतील असं वाटलं होतं.
बाहेर धुक्यात रांग,
कानशिलं पिकलेले बाप्ये, टोप्या हातात,
कुणाला धड रडता येत नव्हतं.
ट्राम चालवणारा एक, गणवेशातच आलेला,
मला ओळखत नव्हता, तरी सांगत सुटला,
आईचा हात हॉस्पिटलात शेवटी धरला तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही हो.
मग वळला, शवपेटीवर तळवा टेकला
आणि ते वाक्य म्हणाला.

मी सवयीने त्याचे ओठ मोजले.
पाच.
एक अक्षर त्याने गिळलं.