एक खाल्ला की

आधी गेले बेडग्यांच्या दुकानात,
तासगावात, स्टँडच्या मागं.
म्हटलं, दुसरीतल्या पोरासाठी पाहिजे,
गणिताचंच, पण गणितासारखं नसलेलं.
बेडगे हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.
शिडीवर चढून त्यांनी काढली
उजळणी, तीसपर्यंतचे पाढे
आणि एक जाड वही : हजार बेरजा, उत्तरांसह.
"कोडी?" म्हणाले, "ती दिवाळीत येतात,
अंकांच्या मागच्या पानावर. ती पण शब्दांची."

बेरजा तर घरात होत्याच.
प्रज्योत एक पान सोडवतो
आणि दुसऱ्या पानावर पेन्सिलीला टोक काढत बसतो,
इतकं टोक, की पेन्सिलच उरत नाही.
कोळेकर मॅडम म्हणतात, येतंय त्याला, पण बघत नाही.
मी काही बोलले नाही.
नववीपर्यंत मीही बघितलं नव्हतं.

नणंदेकडं गेले तेव्हा सांगलीत, गणपती पेठेत,
एक मिळालं. गुळगुळीत, चित्रांचं.
चारशे नव्वद. माझी दीड दिवसाची हजेरी.
उभ्या उभ्या पहिलं कोडं पाठ केलं.
दुसरं निम्मं झालं होतं तोवर
दुकानदार म्हणाला, "बांधू का ताई?"
परतीच्या एसटीत कवलापूरपर्यंत सगळं आठवत होतं.
कुमठे फाट्याला नुसती माणसं उरली,
आकडे उतरून गेले.

शेडमध्ये जाळीवर बेदाणा पसरलेला असतो.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा खाली,
देठ निराळे.
हात आपले आपण चालतात.
डोक्याला कुणी कामाला लावलेलं नसतं.
तिथंच, चारच्या चहाच्या अलीकडं,
मी एक कोडं केलं. माझं मीच.
मुकादम शालन म्हणते,
मूठभर न्या, ओटीभर नको.
मूठभर आणले.

"सात बेदाणे, दोन मुठी.
डावीत उजवीपेक्षा तीन जास्त. कर."
त्यानं पेन्सिल खाली ठेवली.
चार आणि तीन. नाही.
सहा आणि एक. नाही.
मग पाच आणि दोन,
आणि दोन्ही मुठी माझ्या नाकासमोर.
"परत," म्हणाला.

पण तेवढ्यात त्यानं एक खाल्ला होता.
सहा.
पाच-एक, चार-दोन, तीन-तीन.
"आई, ह्ये होतंयच न्हाई."
"नीट बघ," म्हटलं, आणि गॅस बारीक करून
मीही खाली बसले.
पाच-एक. चार-दोन.
फरक चार येतो, दोन येतो, काहीच येत नाही,
तीन येत नाही.
एकतीस वर्षांची झाले, मला हे माहीत नव्हतं.
वाटलं, माझ्या हातून मोडलं कोडं,
विकतचं असतं तर मोडलं नसतं.

तो बेदाण्यांकडं बघत राहिला.
मग मला न विचारता
आणखी एक उचलून खाल्ला.
पाच. चार-एक.
"झालं! एक खाल्ला की मरतंय,
दोन खाल्लं की जितं होतंय!"
"का रं?"
"थांब," म्हणाला.
आजवर मीच त्याला थांब म्हणत आले.
भाताला खालून करपल्याचा वास आला,
तो तसाच खाल्ला आम्ही.

दुसऱ्या दिवशी चहाला
शालनसमोर आठ बेदाणे मांडले,
दोन मुठी, तीनचा फरक, सांगितलं सगळं.
तिनं केलं. परत केलं. बशी बाजूला सारली.
हौसाक्का म्हणाली, मला बघू दे.
दोघींच्यात ओढाओढ झाली.
जाळीपलीकडून कुणीतरी ओरडलं,
माल कोण बघणार?
शालननं वर बघितलं नाही.
एक बेदाणा उचलला, तोंडात टाकला,
चावत चावत म्हणाली,
"आता होतंय बघ."