गाळ उजेड गिळतो

मोनाप्पा वासा रुतवून होडी थांबवतो
राकसकोपच्या मागच्या अंगाला, तुडयेच्या दिशेनं.
"हितं आमचा गोठा हुता," म्हणतो.
मी नळी खाली सोडते.
वरचे दोन सेंटीमीटर काळे, सायीसारखे मऊ,
नासक्या अंड्याचा वास.
त्याखाली तांबडी माती, घट्ट,
कुणीतरी चोपलेली.

चिठ्ठ्या: आर-सात, पाणी. आर-सात, गाळ.
गौरव्वा कन्नडमध्ये लिहिते, मी मराठीत.
बर्फाच्या डब्यात अक्षरं दोन्हीकडची फुटतात.

टिळकवाडीतल्या खोलीत पाणी गाळून घेतलं.
गाळणीवर हिरवट डाग उरला,
पोपट बसून उडाला असावा इतकाच.
तो ॲसिटोनमध्ये बुडवून, चंदेरी कागदात गुंडाळून
रात्रभर अंधारात.
उजेड लागला की हे हिरवं विरतं,
हे मला पहिल्या वर्षी
दोन महिने वाया घालवून कळलं.

गाळाचं काम अवघड.
काजव्याच्या पोटातलं विकर कुपीतून येतं,
उणे वीस अंशांवर झोपलेलं, सोन्याच्या भावानं.
पेशी जिवंत असली तर ते लुकलुकतं.
मेलेल्यांचा उजेड पडत नाही,
त्यांच्यासाठी दुसरी यंत्रं आहेत.

पण गाळ उजेड गिळतो.
जेवढा निघतो तेवढा बाहेर पोचत नाही.
मग त्यात आपल्या ओळखीचा उजेड घालायचा,
मोजून, थेंबभर,
आणि बघायचं, किती परत आला.
आर-सातमधून दहातले चार.
म्हणजे दिसलं त्याच्या अडीचपट धरायचं.
हे मी वहीत लिहिलं, खाली सही केली,
वीज गेली.

पुढच्या खेपेला मोनाप्पानं विचारलं,
"मग, किती हाईत गे आत?"
म्हटलं, चमचाभर गाळात कोटींनी.
"कोटी," तो म्हणाला, आणि थुंकायचं राहून गेला.
"गोठ्यात धा जनावरं हुती.
तवा मी एवढा."
हात होडीच्या काठाला लावून दाखवला.
"मोरी. चांदरी. शिंगमोडी.
एक पाडा हुता, बाळशा म्हणायचो..."
वासा पाण्यात तसाच उभा.
बराच वेळ तो खाली बघत होता,
जणू आणखी कुणीतरी वर येईल.

मी समासात लिहून ठेवलं: चार.

गौरव्वानं दोरी गुंडाळली,
विचारलं, आर-आठ कुठं घ्यायचं?