मनगट

मुकण्याच्या फुगवट्यावर, उताराच्या टोकाला,
एप्रिलचं पाणी पार मागे सरलंय.
बुडालेल्या एका शेताचा बांध उघडा पडलाय,
त्यावर बसून मी दोन खोटे मासे
दोन तळव्यांवर तोलतोय.

उजव्यात क्रँकबेट.
शिरसाठने पुण्याहून आणला, साडेआठशेला,
ओठाखाली पारदर्शक प्लास्टिकची जीभ,
पोटात छर्रे.
रीळ फिरवायचं, बस्स.
तो डोकं खुपसून खाली जातो,
डुलतो, खुळखुळतो, दगडाला धडकून पुन्हा सरळ होतो.
त्याचं चालणं त्याच्या जिभेतच घालून दिलंय.
आमच्या सेकंड शिफ्टसारखं:
बटण दाबा, माल पडतो.

डाव्यात ट्विचबेट.
हा मीच केला, अंबडला, जेवणाच्या सुट्टीत,
पॅकिंगच्या फळीचा तुकडा लेथवर धरून.
डोळे रेडियमच्या कागदाचे.
जीभ नाही, आवाज नाही.
नुसता ओढला तर काटकीसारखा येतो, मुकाट.
झटका दिला तर बिचकतो,
तंगूस सैल सोडली तर कुशीवर वळून
पांढरं पोट दाखवतो.
त्याला स्वतःचं काहीच येत नाही.
जे येतं ते मनगटातून.

आणि मनगटाचं म्हणाल
तर ते पॉवर प्रेसखाली एकदा जाऊन आलंय.
एक पट्टी, सात स्क्रू.
ईएसआयचे डॉक्टर म्हणाले होते,
घास तोंडापर्यंत जाईल, सही जमेल.
माशांचं मी त्यांना विचारलं नव्हतं.

बुधा गांगड माझ्याकडे बघून हसतो.
त्याच्या डब्यात जिवंत बेडूक.
'ह्याला काही शिकवावं लागत नाही,' म्हणतो,
आणि शेवाळाच्या कडेला गळ सोडून
टोपी डोळ्यांवर ओढतो.

म्हणून क्रँकबेट.
सकाळभर क्रँकबेट.
खोल पाण्यात तो इमानदार आहे, नाव ठेवणार नाही,
पण इथे पाणी गुडघाभर, आणि तळाशी गवत.
दर फेकीला हिरव्या दाढ्या घेऊन परततो.
एकदा चिलापी आली, पाठीत गळ अडकून,
चुकून धक्का लागल्यासारखी.
सोडून दिली.

दहा वाजता शेवाळाच्या फटीत
मरळ वर आली, हवेचा एक घोट घेतला,
आणि पाणी मिटलं.
ती तिथेच होती. सकाळपासून असेल.

गाठ सोडायला दात लागले.
डाव्या हाताचा मासा तंगुशीला बांधला.
पहिला झटका नीट बसला.
दुसरा अर्धाच.
तिसऱ्याला पट्टीपाशी काहीतरी अडलं,
कोपरापर्यंत कळ गेली, हात थरथरला,
आणि पाण्यात तो
थरथरला.
लंगडला. एका कुशीवर पडून
उठायचं बघू लागला.

शेवाळाखालून सावली निघाली.
हातभर लांब, जाडजूड,
वाटच पाहत होती म्हणावं अशी सावकाश.
त्याच्या मागे आली.
तो थांबला की थांबली.
माझ्या पायांपासून वीतभर पाणी राहिलं
तेव्हा तिचं चपटं डोकं, ठिपके, सगळं दिसलं,
आणि मला एक शेवटचा झटका द्यायचा होता.

मनगट वळलंच नाही.

खोटा मासा तसाच पोट वर करून राहिला.
तिने त्याच्याकडे पाहिलं, की माझ्याकडे,
सांगता येत नाही.
मग एक फटकारा. चपला भिजल्या.

'एवढं दुखणं कुणी खोटं करतं व्हय,'
टोपीखालून बुधा म्हणाला.
म्हणजे तो जागा होता.

क्रँकबेट शर्टाच्या खिशात टाकलाय.
वाकलो की छर्रे वाजतात.
मनगटाला रुमाल आवळून बांधला,
मग थोडा सैल केला,
आणि पुन्हा त्याच फटीकडे फेकला
तो लाकडाचा.